मागे घेतलेला शब्द

बेलापूर, मंगळवार, नोव्हेंबर १९४२

काल लिहिलं की माझं ठरलेलं लग्न मुलाकडच्यांनी मोडलं. ते चूक. ज्यांच्याशी ठरलं ते चळवळीपायी तुरुंगात गेले, म्हणून दिलेला शब्द बाबांनीच मागे घेतला. मला अक्षरं शिकवणाऱ्या बाबांनी!

आई म्हणाली, "अहो, पोरीची भरलेली ओटी कशी मागे घ्याल?"

"साखरपुड्याची साडी परत केली की झालं." मग माझ्याकडे न पाहता, "धुऊन ठेव गं."

पदराला ओटी भरताना त्यांच्या आईच्या हातचं कुंकू लागलंय. धुवायला बसले, पण हात चालेना. माझा होकार कुणी मागे घेतला? मला विचारलं तरी का? बाबांपुढे तोंड उघडेल ना माझं?

त्यांची आई साडी न्यायला येणार आहे. ते सुटेपर्यंत मी थांबेन, हे तिच्यासमोरच सांगायचं. याच शुक्रवारी.