खिळ्यावर टेप कोणाची होती

मी, खाली सही करणारी, वय सव्वीस, धंदा सुतारकाम, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहीत आहे. आजार काही नाही. पण रोज करवतीपुढे उभी राहते, आणि लिहून ठेवले नाही तर मला चैन पडत नाही.

१. बाबांनी माझ्या नावावर केलेली टेबल-करवत धाकट्या बहिणीला द्यावी. अट अशी: खाच कापताना पाते एकदम वर काढायचे नाही, दोन-तीन फेऱ्यांत खोली गाठायची. लाकूड हाताने नव्हे, ठोकळ्याने ढकलायचे. फळीच्या कडेला पायरी कापताना सुटणारी बारीक रीप पाते आणि आडपट्टी, म्हणजे लाकूड जिला टेकवून सरकवतात ती पट्टी, यांच्यामध्ये येऊ द्यायची नाही. ती मोकळ्या बाजूला पडली पाहिजे. मध्ये अडकली तर बाणासारखी मागे सुटते.

२. ढकलायचे तीन ठोकळे तिलाच. चौथ्याला तडा आहे, तो जाळावा. फुकटसुद्धा कोणाला देऊ नये.

३. माझ्या कपाटात फडक्यात गुंडाळलेली वीतभर सागाची रीप आहे. बाबांचा उजवा डोळा तिने गेला.

आमच्याकडे आडपट्टी जो लावतो तो आपली मोजायची टेप करवतीवरच्या खिळ्याला अडकवतो, म्हणजे मशीन कोणी लावले ते कळते. त्या दुपारी आडपट्टी काकांनी लावली होती, रीप आतल्या बाजूला पडेल अशी. पट्टी पुन्हा सरकवायचा कंटाळा. बाबा मागून जात होते. ते डोळा धरून भुशात पडले असताना काकांनी खिळ्यावरची आपली टेप काढून बाबांची अडकवली. मी पाहिले.

"घरातलं घरात राहू दे हं, बाळ," काका म्हणाले. मी एकोणीस वर्षांची होते. गप्प बसले, हा माझा गुन्हा.

तेव्हापासून काका गिऱ्हाइकांना सांगतात, "दादानेच लावलं होतं मशीन. हातातलं कसब गेलं त्याचं आता." त्या दिवशी सकाळी बाबांनीही एकदा मशीन लावले होते, म्हणून त्यांनाही ते खरे वाटते. सात वर्षे ते कोपऱ्यात बसून फक्त पॉलिश पेपर घासतात.

या कलमाला माझ्या मरणाची वाट पाहायची नाही. सह्या झाल्या की हे आधी बाबांना वाचून दाखवीन. मग रीप आणि या कलमाची प्रत दुकानाच्या दारावर ठोकीन.

४. काकांना काही नाही. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाई म्हणाल्या. आणि साक्षीदार म्हणून मला काकाच हवेत.

ठिकाण: करवतीशेजारचे बाक. दिनांक: १४ मार्च, बाबांचा डोळा गेला तीच तारीख.

लिहून देणार: मी, बाबांची थोरली. (सही)

साक्षीदार एक: समोरचे कुलूपवाले. (सही) दोनदा वाचले. म्हणाले, "पोरी, दारावर ठोकायला खिळे मी देतो."

साक्षीदार दोन: काका. (सही) मी तीनदा विचारले, "काका, निदान तिसरं कलम तरी वाचता का?"

"अगं, तुझ्या कंगव्या-आरशाची वाटणी, त्यात वाचायचं काय? आण इकडे."

सही केली तेव्हा काकांचा चष्मा खिशातच होता.