झिऱ्याचं पाणी निवळेपर्यंत

माय, तुझ्या पणतीने शाळा सोडली होती, आणि ती मीच सोडवली असं माझी सून मला तोंडावर म्हणाली. सुनेची जीभ माझ्यावर गेली आहे, त्याला इलाज नाही. पण या वेळी तिचं बोलणं खोटं नव्हतं.

तू गेलीस तेव्हा घरात देव्हारा होता. आता नाही. नागपूरहून दीक्षा घेऊन आलो आणि तुझ्या जावयाने सगळे देव टोपलीत घालून नदीत सोडले. मेलेली ढोरं ओढणंही तेव्हाच सुटलं. आता वस्तीत कुडाचं का होईना, विहार आहे. रविवारी वंदना झाली की एका म्हाताऱ्या माणसाने वस्तीतल्या शाळकरी पोरापोरींना मागचं सांगायचं, असा आपल्यातल्याच एका तरुण मास्तराने नेम पाडला आहे. माझी पाळी आली तेव्हा त्याने मला बाजूला घेतलं. म्हणाला, "आजी, लेकरं हायेत. जरा बेतानं सांगा." मी म्हटलं, "त्यायनं काही बेतानं मारलं नव्हतं, बाबू."

आणि सांगितलं. मी लहान होते त्या उन्हाळ्यात माझा धाकटा भाऊ तापाने फणफणत होता. नदीच्या वाळूतला आपला झिरा वाटीवाटीने पाणी देत होता. गावच्या विहिरीपासून लांब, मडकं पुढे ठेवून तू सकाळपासून बसलीस, पण कोणी पाणी वाढलं नाही. मग भर दुपारी बानं स्वतःच विहिरीत बादली सोडली. पुढचं मी काही गाळलं नाही. बाला कसं खाली पाडलं, छातीत लाथ कोणी घातली, मडकी कशी फोडली, आणि तेवढ्याने भागलं नाही म्हणून झिऱ्यात शेण कसं कालवलं. लाथ घालणाऱ्याचं नावही घेतलं. तेव्हा त्याला नुकती मिसरूड फुटली होती. आज तो गावातला मानाचा म्हातारा आहे. नाव घेतलं आणि तिथेच गोष्ट सोडून मी खाली बसले. पोरं माना खाली घालून घरी गेली.

त्या म्हाताऱ्याची नात आपल्या पोरीच्या वर्गात, एकाच टाटपट्टीवर, तिला लागून बसते. दुसऱ्या सकाळी आपलीने दप्तर खुंटीला अडकवलं ते अडकवलंच. वस्तीतली आठवीपर्यंत पोहोचलेली ही पहिली पोरगी. बापाने समजावलं, मायने दोन ठेवून दिल्या. पोर म्हणे, मी उद्यापासून शेतात निंदायला जाते. मला मात्र तिने उभं धरलं. "शिकून का करू, आजी? पानी मांगतलं तं लाथच भेटते ना?"

मी तिला टोपलं दिलं आणि झिरा उपसायला नदीवर नेलं. ती वाळू काढत होती. मी विचारलं, "त्यायनं शेण कालवलं, मंग आमी कोनतं पानी पेलो?" तिचे हात थांबले. एवढं कोणीच विचारलं नव्हतं, आणि मीही सांगितलं नव्हतं.

मला अजून दिसते. उजाडते आहे, तू नदीत वरच्या अंगाला गुडघ्यांवर बसली आहेस आणि नव्या झिऱ्यासाठी हातांनी वाळू ओढते आहेस. बा घरी कण्हतो आहे. आधी तू एकटी, मग एकेक करत वस्तीतल्या साऱ्या बाया. पहिलं पाणी गढूळ, ते फेकलं. दुसरं गढूळ, तेही फेकलं. निवळेपर्यंत कोणी उठलं नाही. धाकट्याच्या तोंडात पहिला घोट तूच घातलास. आपला धाकटा त्या पाण्यावर जगला, माय, आणि आज यवतमाळला कापसाच्या जिनात कामाला आहे.

पोरीने विचारलं, "पनजी रडली का?"

"रडली ना, रडली. रडत रडत उपसे, अन् उपसता उपसता शिव्या दे."

"कोनत्या?"

मी त्यातली एक सांगितली. मास्तराने ऐकली असती तर विहारात मला पुन्हा उभं केलं नसतं. पोर वाळूत लोळून हसली. मग डोळे पुसून म्हणाली, "हे त्या दिवशी काहून नाही सांगितलं?" खरंच आहे. लाथेपाशी सोडली की ती गोष्ट लाथ मारणाऱ्याची होते.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली, त्याच जागी बसली आणि त्या पोरीला सगळं सांगितलं, शेणासकट. त्या पोरीने घरी आजाला विचारलं. येऊन म्हणाली, "आबा म्हनते, असं काही झालंच नाही." आपली पोर दप्तर उचलून उठलीच होती, तेवढ्यात ती दुसरी हळूच म्हणाली, "पन तो जेवला नाही." आपली पोर खाली बसली. अजून बसते. दोघी बोलतात कमी, भांडतात जास्त, पण गणिताचं पुस्तक दोघींत एकच आहे. पुढच्या रविवारी मी विहारात उरलेली गोष्ट सांगितली. शिवी तेवढी गाळली.

आता गावची विहीर आपल्याला मोकळी आहे. आपल्या तरण्या बाया तिथून पाणी आणतात. मी झिऱ्यावरच जाते आणि सगळ्यांना सांगते, झिऱ्याचं पाणी गोड लागते. पोर म्हणते, उद्या माझ्यासंगं विहिरीवर चाल. मी हो म्हटलं आहे. हा कागद पाठवायला तुझा पत्ता नाही, आणि पत्ता असता तरी तुला वाचता कुठे येत होतं. म्हणून तर तुलाच लिहून टाकते. पाणी गोडबिड काही नाही, माय. मला त्या विहिरीची अजून भीती वाटते.