अर्धी स्टिक

आकुर्डी, रविवार दुपार

भावा बुद्धरत्न,

जय भीम.

आपल्या पार्लरमधल्या पूलच्या, म्हणजे छोट्या बिलियर्डच्या, स्पर्धेची फायनल तीनदा पुढे गेली. तुझी शिफ्ट सुटायची तेव्हा माझी भरायची. अशा वेळी आपल्या पार्लरची रीत ठरलेली आहे. बक्षिसाची स्टिक मधल्या आट्यांवर उघडायची आणि दोघांनी अर्धी अर्धी घरी न्यायची. चौथ्यांदा ठरलेल्या तारखेला तू चाकणहून फोन केलास, "दादा, सलग दोन शिफ्टा झाल्यात, डोळे मिटतायत. वाटून घेऊ की राव."

मी फोन स्पीकरवर टाकला आणि भाषण ठोकलं. "वाटून घेतलेला विजय म्हणजे भीक! लढून घे, नाहीतर हरलो म्हण!" सगळ्या पार्लरनं टाळ्या वाजवल्या. तू हसून म्हणालास, "आलोच." मोशीपाशी कंटेनरनं तुला गाठलं.

तुझी आई अजून विचारते, "त्याला एवढी घाई कसली होती रे?" सभा गाजवणारा मी तिथं चहाचा कप विसळायला उठतो.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या विधीनंतर मी स्टिक उघडली. तुझी अर्धी पार्लरच्या टेबलावर ठेवली, माझी घरी कपाटात कुलपात ठेवली. तीन रविवार झाले. दर रविवारी कपाट रिकामं असतं आणि टेबलावर स्टिक घट्ट जोडलेली असते, टोकाला ताजा निळा खडू. पार्लरवाले खंडूभाऊ म्हणतात, "तूच जोडतोस ना?" मी हो म्हणतो.

वाटून घ्यायला आता तू तयार नाहीस.

म्हणून आज टेबलासमोर उभं राहून मी मोठ्यानं म्हणालो, "हरलो."

टाळ्या वाजल्या. पार्लरमध्ये मी एकटाच होतो.

तुझा,
निरंजनदादा