पाठ टेकून जिंकलेली

आबा,

तुमची नात कुस्तीसारखं काहीतरी खेळते असं कुणी सांगितलं असतं, तर तुम्ही आधी मिशीतल्या मिशीत हसला असता आणि मग विचारलं असतं, "पाठ लागली का कधी तिची?" तिथंच तर सगळा घोळ आहे. तिच्या खेळाला जुजुत्सू म्हणतात. राज्यात तिच्या वजनात तिला तोड नाही, कपाटात पदकं मावत नाहीत. आणि मी, निफाडला तुमच्या तालमीच्या मातीत वाढलेला, मागच्या महिन्यापर्यंत तिची एकही लढत बघायला गेलो नव्हतो. लासलगावचा कांद्याचा लिलाव सोडून निघणं होत नाही, असं सांगायचो.

राज्य स्पर्धेची फायनल पंचवटीजवळच्या हॉलमध्ये होती, म्हणून गेलो. समोरची पोरगी चांगली दांडगी. दोघींनी एकमेकींची कॉलर धरली, आणि आपली पोर चक्क स्वतःहून खाली बसली, पाठ टेकवून उताणी झाली. मी डोळे मिटून घेतले. तुमच्याकडं एवढ्यावर गडी अंगावरची माती झटकून घरी जायचा. डोळे उघडतो तर लढत चालूच! समोरचीची मान आपल्या पोरीच्या पायांच्या कैचीत अडकलीय, आणि ती हलकेच, मैत्रिणीला थापटावं तशी, आपल्या पोरीच्या मांडीवर थापटतेय. एवढ्या गोंगाटात मला ते ऐकू आलं. पंचानं आपल्या पोरीचा हात वर केला.

आबा, माझं आयुष्य बाजारात गेलं. कोण व्यापारी कुणाला आतून मिळालाय, हे मी नुसत्या खाकरण्यावरून सांगतो. रुमालाखाली बोटं दाबून ठरलेले सौदे मी पाहिलेत. ते थापटणं मला तसलंच वाटलं. क्लबला नव्या मॅट मीच दिल्या होत्या. माझी मर्जी राखायला हिच्या सरांनी लढत जुळवली असणार. सर हसत चहा घेऊन आले, तर त्यांच्या 'अभिनंदन'मध्येसुद्धा मला खोट ऐकू आली.

रात्री ताटावर म्हणालो, "राष्ट्रीय स्पर्धेला जायचं नाही. जुळवलेलं पदक या घरात नको."

तिचा घास हातातच राहिला. "कुणी जुळवलं?"

"पाठ टेकलेला माणूस जिंकतो होय? आणि ती पोरगी थापटून तुला काय सांगत होती?"

ती उठली. हात धुऊन आली, सतरंजी अंथरली आणि तिच्यावर उताणी झाली. "या पप्पा. दाबा मला."

"अहो, ढेरी सांभाळा," आतून बायको.

मी तिचे खांदे दाबून धरले. म्हटलं, संपली. पुढचं नीट कळलंच नाही. माझी मान तिच्या पायांत, आणि माझाच खांदा माझ्या गळ्यावर. तुमचा मुलगा आहे, हार कसली मानतोय! मग आधी पंख्याचा आवाज गेला, मग बायकोचं हसणं गेलं. अख्ख्या मार्केटमधली कुजबुज टिपणाऱ्या माझ्या कानांना काही म्हणजे काही ऐकू येईना. हात आपोआप तिच्या मांडीवर पडला. हलकेच, कारण तेवढाच जोर उरला होता.

तिनं त्याच क्षणी सोडलं.

"थापटलं की सोडायचंच, पप्पा. नाहीतर माणूस बेशुद्ध पडतो. समोरची सोडणार, एवढ्या भरवशावर तर आम्ही एकमेकींच्या हातात मान देतो."

परवा ती राष्ट्रीयला निघतेय. मीही जातोय. सरांवर नजर ठेवायला, असं बायकोला सांगितलंय, आणि ते अगदीच खोटं नाही.

शेवटच्या आजारातही तुम्ही लोडाला टेकून बसून राहिलात. "मला आडवा नको करू," एवढंच म्हणायचात. म्हणून हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, तेच बरं आहे. त्या रात्री तिनं सोडल्यावर मी तसाच सतरंजीवर उताणा पडून राहिलो, पूर्ण पाठ टेकवून. आणि आबा, मला उठावंसंच वाटेना.