म्हातारीची तुटकी चप्पल

१२ फेब्रुवारी १९९७, सावेडी

आज ताईला पुन्हा कॉम्प्युटर क्लासमध्ये नेऊन मी बनवलेला गेम खेळायला बसवलं. किल्ल्यातला खजिना शोधायचा. वाटेत एक म्हातारी तुटकी चप्पल शिवून मागते. आधी नुसतं ‘चप्पल शिवून आणा, पन्नास गुण’ असं लिहिलं होतं, तेव्हा ताई तिच्याकडं बघतसुद्धा नव्हती. म्हणून परवा म्हातारीला बोलतं केलं: "मालक घर सोडून गेल्यात. परत आल्यावर अनवानी कसं हिंडत्याल?"

आज ताई खजिना सोडून ती चप्पल शिवायला सुई-दोरा शोधत अख्खा किल्ला धुंडाळत बसली. मी केवढा खूश झालो! आता लाज वाटतेय.

कारण उठताना ती म्हणाली, "हे मिरजगावच्या मावशीचं बोलणं आहे ना? काका घर सोडून गेल्यापासून ती म्हणते ते?"

हो. शब्द न् शब्द तिचाच. तिला विचारलं होतं का? नाही.

"आणि काकांची चप्पल? शिवलीस?"

मावशीनं ती दिवाळीत माझ्याकडं दिली होती. क्लासच्या दाराशीच एकजण चपला शिवत बसतो. रोज त्याच्यासमोरून जातो मी, गेममधली म्हातारी आणखी काय बोलेल याचा विचार करत.

चप्पल अजून पिशवीतच आहे, या टेबलाखाली. लिहिताना पायाला लागतेय.