ज्वारीच्या पिठात

जरीपटका, नागपूर

दीप्ती,
जय भीम.

डॉक्टरनं गहू बंद केला आणि तुह्या कोपरावरचे फोड बसले, तेव्हा मले ते नाटक वाटलं. सासूच्या हातची पोळी टाळायचा बहाणा वाटला. म्हणून मी तुह्या ज्वारीच्या पिठात रोज मूठभर कणीक मिसळवली. फोड परत आले. तू रक्त निघेपर्यंत खाजवत होती, अन् मी माह्या पोराले, संघपालले म्हटलं, "पाह्य, गव्हाचा काही संबंध नाही." त्यानं तुले खोटी ठरवलं. तू कुही गावाले, माहेरी निघून गेली.

शाळेसाठी सम्यका माह्यापाशी राहिली. ती रोज दोन पोळ्या खाते. परवा आंघोळ घालताना तिच्या कोपरावर तसेच फोड दिसले.

"आजी, लय खाजून राहिलं," म्हणे.

संघपालले सांगितलं तर तो विचारन, गहू सोडूनही दीप्तीचे फोड काहून परत आले? मी काय सांगू?

उद्या तो तिले तुह्या भेटीले आणून राहिला. ऊन तापून राहिलं, तरी मी लांब बाह्यांचा फ्रॉक काढून ठेवला. "आईसमोर खाजवू नको," असं तिले बजावलं.

पोरगी हो म्हणाली.

तुही सासू,
तुळसाबाई