बोलीदार ३

४ मार्च, सकाळी ७
आजपासून राग बंद. कायमचा. खरं तर मला राग येत नाहीच, लोक आणतात. परवाचंच घ्या. बायको शिलाई मशीनवर, मी मॅचसमोर. आवाज बंद कर म्हणून दोनदा सांगितलं. शाळेचे चाळीस युनिफॉर्म द्यायचेत म्हणाली. मशीन गॅलरीतून खाली पडलं. म्हणजे मीच टाकलं, पण खाली कोणी नाही हे आधी बघून घेतलं होतं. रागीट माणूस असं बघतो का? ही उठली. बॅग भरून भावाकडे गेली. फोन उचलत नाही.
प्लॅन तयार आहे. लिलावाच्या साइटवर अगदी तसंच जुनं मशीन दिसलंय. रविवारी दुपारी चारला लिलाव संपतो. जिंकायचं, टेम्पोत घालून तिच्या दारात उभं राहायचं, तिला घेऊन यायचं. सोपं आहे.

५ मार्च, दुपारी २.३०
बोली लावली. मी ‘बोलीदार १’. साइट नावं दाखवत नाही, नुसते नंबर. दहा मिनिटांत कुणी ‘बोलीदार ३’ पन्नासने वर. मी शंभरने. तो परत पन्नासने. असं सात वेळा. मर्दासारखं एकदाच काय ते लाव ना! दात कोरल्यासारखी बोली लावतोय.
त्याच पानावर खाली नव्या मशीनची किंमत दिलीय. फार लांब नाही. पण दुकानात हरवायचं कोणाला?
२.४०. मोबाइल भिंतीवर आपटला. चालू आहे. कंपनी चांगली.

६ मार्च, दुपारी ४
बोलीदार ३ सापडला असं वाटलं होतं. खालचा टेलर. पुरावे दोन. त्याला मशीन लागतं, आणि मी बोली लावली की त्याच्या दुकानातली खडखड थांबते. शांतपणे विचारायला गेलो. तो मोबाइलमध्ये बघून हसत होता. त्यानंतरचं आठवतं ते एवढंच, की त्याचे हात मी पाठीमागे पिरगाळलेत आणि त्याचा गाल इस्त्रीच्या टेबलावर आहे. इस्त्री बंद होती हे त्याचं नशीब. तेवढ्यात माझ्या खिशात टिंग. बोलीदार ३, पन्नासने वर. म्हणजे हा नव्हे. सॉरी म्हटलं, हात सोडले. त्याने कात्री उचलली. लोकांत संयम म्हणून उरलेला नाही. कपाळाला तीन टाके. डॉक्टरांना सांगितलं, जिन्यावरून पडलो.

७ मार्च, संध्याकाळी
मी काचेच्या दुकानात काचा कापतो. हिऱ्याच्या कटरने एक रेघ, मग हलका झटका, काच सरळ तुटते. हे ज्याला जमतं तो माणूस मुळात शांतच असणार. आज अडीचला टिंग झालं आणि आठ मिलिमीटरची अख्खी शीट फरशीवर गेली. मालक काहीतरी बोलले. मीही बोललो. त्यांच्या शर्टाची तीन बटणं माझ्या मुठीत राहिली. उद्यापासून तोंड दाखवू नकोस म्हणाले. बरंच झालं, लिलावाला वेळ हवाच होता.
एक गोष्ट मात्र ध्यानात आली. बोली रोज दोन ते तीनमध्येच येते. त्या वेळेला मेहुणा जेवायला घरी असतो. बहीण घरात राहिली की त्याला आयतं ताट. आमचं जुळू नये म्हणून हाच मशीन पळवतोय. उद्या त्याच्याकडे जातो. फक्त बोलायचं.

८ मार्च, संध्याकाळी ७
डाव्या हाताने लिहितोय. उजवा प्लास्टरमध्ये.
साडेतीनला पोचलो. मेहुण्याने दार उघडलं, या भावोजी, बसा, म्हणाला. असलं ढोंग मला सहन होत नाही. आधी स्टूल, मग त्याचे दात, मग टीपॉय, मग माझा हात, अशा क्रमाने मोडलं. शेवटी तो खाली, मी वर, त्याचा गळा माझ्या कोपरात. टिंग. बोलीदार ३, पन्नासने वर.
मान वर केली. आतल्या दारात ही उभी, हातात मोबाइल.
“सोडा त्याला. बोलीदार तीन मी आहे.”
मी माझा मोबाइल तिला दाखवला. बोलीदार १. तिने वाकून नंबर वाचला. मग म्हणाली की दुपारची कामं आवरली की बोली लावायची, युनिफॉर्म अजून तसेच पडलेत. समोर कोणीतरी गरजू असेल वाटलं, म्हणून थोडं थोडंच वाढवत होती. मी म्हटलं, अगं, तुझ्यासाठीच चाललं होतं हे सगळं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, जमलं.
मग वेळ पाहिली. दोन मिनिटं राहिली होती आणि मी पन्नासने मागे होतो.
डावा हात मोकळा होता. एकदम दुप्पट लावली.
चार वाजता ‘अभिनंदन, तुम्ही जिंकलात’ आलं. ते तिला दाखवलं.
“घ्या,” ती म्हणाली. “पुढच्या वेळी फेकायला लागेल.”
आत गेली आणि कडी लावून घेतली. मेहुणा फरशीवर बसून दात शोधत होता. पण जिंकलो मी, हे इथे लिहून ठेवतो.

१४ मार्च
मशीन आलं. मेहुणाही आला, हिचे कपडे न्यायला. तोंड सुजलेलं, कसाबसा बोलत होता. हिने दुकानातून नवं घेतलं, माझ्या बोलीच्या निम्म्यात. युनिफॉर्म पोचले, पुढची ऑर्डरही आली. म्हटलं, हेही घेऊन जा तिला. नको म्हणाला. जाताना भिंतीला पाठ घासत दारापर्यंत गेला. माझ्या घरात लोक असे का चालतात, कळत नाही. हीसुद्धा तशीच चालायची.

२२ मार्च, संध्याकाळी ५
मशीन त्याच साइटवर विकायला काढलं होतं. आठ दिवसांत एक बोली नाही. रोज दोन ते तीन मोबाइल समोर ठेवून बसायचो. टिंग ऐकू यावं म्हणून मॅचचा आवाज बंद.
आज शेवटचा दिवस. दुपारी दुसऱ्या नावाने मीच एक बोली लावली. पन्नासने वर कोणी येतं का, बघत बसलो. चारला लिलाव संपला.
अभिनंदन, तुम्ही जिंकलात, असं आलंय.